कोसा हलका नव्हता

आसगाव, ता. पवनी
२२ डिसेंबर १९७१

सौ. रुखमास श्यामलालचे आशीर्वाद. शकुनला गोड पापा.

हे पत्र तुला भय्याजी वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. भय्याजी, तुम्ही तिचे भाऊ, रागावायचा तुम्हाला हक्क आहे. पण वाचताना ओळ गाळू नका आणि पदरची घालूही नका. नक्की काय झालं ते लिहून कळवा असा तुमचा निरोप आला, म्हणून लिहितो.

तुम्ही सिहोऱ्याचे ढिवर, तुमचं सगळं तलावावर. आमच्याकडे मासोळी उन्हाळ्याची आणि कोसा पावसाळ्यापासून. कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे ऐनाच्या झाडांवर चढवले की घरची माणसं जंगलात राहायला जातात. एकवेळ जेवण, मासोळी बंद, दाढी बंद, आणि सीमेच्या आत बाईमाणूस येत नाही. सीमा म्हणजे झाडाझाडाला बांधलेली पळसाची दोरी. दसऱ्याच्या सुमारास माझ्या नावाचं रजिस्टर पत्र आलं, ते द्यायला रुखमा जंगलात आली. सीमेवरून हाका मारल्या, मी लांब होतो, ऐकू गेल्या नाहीत. मग ती दोरी ओलांडून आत आली. तीस पावलं. गोमाजींनी पाहिलं. गोमाजी आमच्यातले जाणते, किड्यांची पूजा त्यांच्याकडे असते.

नोव्हेंबरच्या शेवटी कोसा नागपूरला गेला. तिथल्या शेठजींनी तीनातले दोन वाटे परत पाठवले. चिठ्ठीत लिहिलं, यंदा कोसा हलका आहे. सोसायटीची सभा भरली. गोमाजींनी विचारलं, हलका काहून झाला? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मी काय बोलणार? एक नारळ फोडायचा, चुकलं म्हणायचं, एवढंच रुखमाला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मी काही केलं नाही," आणि शकुनला कडेवर घेऊन बसमध्ये बसली.

लढाई सुरू झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी तू गेलीस. लढाई संपली, आपण जिंकलो, गावात पेढे वाटून झाले, तू अजून तिकडेच. संक्रांतीपर्यंत ये. नारळ मी आणून ठेवतो, तू फक्त हात लाव.

त्या रजिस्टर पत्राचं भय्याजींनी विचारलं आहे. त्यात विशेष काही नव्हतं.

श्यामलाल


आसगाव
५ मार्च १९७२

सौ. रुखमास आशीर्वाद.

संक्रांत गेली, शिवरात्र गेली. तुझ्याकडून चार ओळी नाहीत. भय्याजी लिहिण्याचा कंटाळा करतात की तू सांगण्याचा, ते कळत नाही.

मी बरा आहे. स्वयंपाक मीच करतो. भात जमतो, आंबट वरण जमत नाही. यंदा तलावाचा ठेका आपल्याकडे नाही, म्हणून गावातली बरीच माणसं रस्त्याच्या कामावर गेली आहेत. लोक माझ्याशी नीट बोलतात. तुझं नाव काढत नाहीत, हाही त्यांचा भलेपणाच समज.

शाळेत वर्तमानपत्र येतं, ते मास्तर मला देतात. गेल्या आठवड्यात त्यात मोठा फोटो होता. अमेरिकेचा अध्यक्ष चीनमध्ये जाऊन हात मिळवतो आहे, दोघेही हसत आहेत. मास्तर म्हणाले, वीस वर्षांचं वैर मिटलं, जगासाठी चांगलं झालं. मी म्हटलं, हो, झालं असेल. मला काही हसू आलं नाही. का ते आत्ता लिहीत नाही. भय्याजी, तुम्ही या ओळीवर थांबून विचार करू नका, पुढे वाचा.

शकुनचे दात पडायला लागले असतील. पडलेला दात छपरावर टाकायला सांग.

श्यामलाल


आसगाव
१८ जुलै १९७६

चि. शकुन हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. अक्षर वाटाण्याएवढं मोठं आहे, पण काना-मात्रा सगळ्या जागच्या जागी आहेत. मी ते तीनदा वाचलं आणि गोमाजींनाही दाखवलं. बेटा, आता एक काम कर. हे पत्र मामाला देऊ नको. मायला घेऊन तलावाच्या पाळीवर जा आणि तिला एकटीला वाचून दाखव. काही शब्द अडले तर सोडून दे, तिला समजेल.

रुखमा, त्या रजिस्टर पत्रात विशेष काही नव्हतं असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. पाच वर्षं भय्याजींच्या तोंडून तुला खोटं ऐकवलं.

तुला आठवत असेल, शेठजींमार्फत आपला कोसा घेणाऱ्या मुंबईच्या कंपनीसाठी मी दरवर्षी एका कागदावर सही करायचो आणि त्या दिवशी धुतलेला सदरा घालायचो. त्या कागदावर लिहिलेलं असायचं की हा कोसा आसगावच्या जंगलातला आहे, यात चीनचा धागा नाही. तू विचारलं होतंस, चीनचा धागा इथे कशाला येईल. मी म्हटलं होतं, तुला नाही कळायचं. मलाही तेव्हा अर्धवटच कळत होतं. अमेरिका आणि चीनचा उभा दावा होता. चीनचं रेशीम अमेरिकेत उतरू द्यायचे नाहीत. तिथल्या बायांना टसरचे कपडे तर हवे असायचे, म्हणून आपला कोसा लागायचा. मला मात्र वाटायचं की आपला कोसाच असा आहे की अमेरिकेला राहवत नाही. गावालाही मी तसंच सांगत होतो.

तू आणलेलं पत्र त्याच कंपनीचं होतं. इंग्रजी होतं, पण मॅट्रिकपुरतं मला समजलं. अमेरिकेने चीनच्या मालावरची बंदी उठवली आहे, चीनचा टसर स्वस्तात मिळू लागला आहे, गिऱ्हाइकाने मागणी रद्द केली, तेव्हा यंदा कोसा कमी करा. मी ते ऐनाखाली उभ्यानेच वाचलं आणि कमरेला खोचलं. गोमाजींनी विचारलं काय आहे, तर म्हटलं, शेठजी म्हणतात माल लवकर पाठवा.

का म्हटलं ते तुला ठाऊक आहे. त्या वर्षी तलावाचा ठेका सोडा, सगळे हात कोशाला लावा, हे मीच लोकांना पटवलं होतं. तलाव दुसऱ्या गावाने घेतला. किडे झाडावर चढलेले, तलाव हातचा गेलेला, आणि मी काय तोंडाने सांगणार की आता तुमचा कोसा कोणी घेत नाही?

शेठजींनी करारात लिहून दिलं होतं की चांगला कोसा सगळा उचलू. म्हणून चांगल्या कोशाला हलका म्हणणं त्यांना भाग होतं. परत आलेल्या पोत्यातले शंभर कोसे मी घरी ताजव्यात घालून पाहिले. आदल्या वर्षीएवढेच भरले. तू तेव्हा अंगणात भांडी घासत होतीस. दुसऱ्या दिवशी सभा होती, आणि मी सभेत गप्प बसलो.

त्याच महिन्यात अमेरिकेचं लढाऊ जहाज आपल्या समुद्राकडे निघालं होतं. रेडिओ ऐकून अख्खं गाव अमेरिकेला शिव्या देत होतं. त्या आठवड्यात मी खरं सांगितलं असतं तर लोकांनी लगेच मानलं असतं. तू जाऊन तेव्हा दहा दिवससुद्धा झाले नव्हते. तेव्हाही मी बोललो नाही.

मला तुझी लाज वाटते. म्हणजे तुझ्यासमोर मला माझी लाज वाटते. शकुन, ही ओळ नीट वाच.

श्यामलाल


सिहोरा
९ ऑगस्ट १९७६

ती. बाबांना शकुनचा नमस्कार.

मी पत्र पाळीवर वाचलं. माय पूर्ण वेळ जाळं दुरुस्त करत होती. मग तिने सांगितलं तसंच लिहिते आहे.

"मले कायले सांगता? मी काही केलं नाही हे मले तं माहीतच होतं. ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा."

बाबा, मी चौथीत आहे. गणितात पहिली आली.

शकुन


आसगाव
२ नोव्हेंबर १९७८

सौ. रुखमास आशीर्वाद.

तू एकच वाक्य पाठवलंस आणि दोन वर्षं मी त्याच्याभोवती फिरतो आहे.

सांगणार होतो. पहिल्या वर्षी निवडणूक आली, गावात दोन तट पडले, अशा वेळी सभा बोलावली असती तर मारामारी झाली असती. नंतर गोमाजींना कावीळ झाली. आजारी माणसाला तुम्ही चुकलात असं कसं म्हणायचं? या उन्हाळ्यात सोसायटीची तपासणी होती. हे वाचताना शकुनला हसू येईल, आणि तू हसणार नाहीस, हेही मला दिसतं आहे.

खरं एवढंच आहे की मला भीती वाटते. लोक मला अजून सेक्रेटरी म्हणतात, बसायला घोंगडी टाकतात. कोसा आता थोडाच होतो, आंधळगावचे कोष्टी घेतात. पण शाळेचा दाखला असो, तलाठ्याचा कागद असो, माणसं माझ्याकडे येतात. मी कागद वाचला की ते मान हलवतात. मी एक कागद चुकीचा वाचून दाखवला होता हे सांगितलं की पुढे कोण मान हलवील?

तुझ्या घरी येऊन तुझे पाय धरायला मी तयार आहे. ते मला सोपं आहे, म्हणूनच तू ते मागत नाहीस.

श्यामलाल


आसगाव
१४ डिसेंबर १९८०

सौ. रुखमास आशीर्वाद.

इकडे आनंदी आनंद आहे, आणि मला भाकर गोड लागत नाही.

वैशाखात मुंबईहून एक नवे गृहस्थ आले. रशियाला टसर हवा आहे म्हणाले. अफगाणिस्तानात रशियाचं सैन्य शिरलं, तेव्हापासून अमेरिकेने त्याला गहू देणंसुद्धा बंद केलं. चीनशी तर त्याचं आधीपासूनच वाकडं. आपल्याशी मात्र त्याचा व्यवहार रुपयात चालतो. मी पुन्हा एका कागदावर सही केली. या खेपेला धुतलेला सदरा घातला नाही.

गावाने जीव ओतून किडे वाढवले. सगळा कोसा गेला, एक पोतं परत आलं नाही. दिवाळीला घरोघरी नवे कपडे झाले. आणि परवा पूजेच्या वेळी गोमाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहा, नेम पाळला तं देव देते. त्या बाईनं बाटवलं होतं, दहा वर्षं लागले सुद्ध व्हाले."

लोकांनी हात जोडले. मीही जोडले, रुखमा. जोडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

वाईट वर्षी लोकांनी तुझ्यावर ठपका ठेवला, तेव्हा मला वाटायचं की चांगलं वर्ष आलं की विसरतील. चांगलं वर्ष आलं तर तू नसण्यालाच त्याचं श्रेय मिळालं. आता तुला परत आणणं कोणालाच नको आहे. असंच चालू राहिलं तर शकुनच्या मुलांनासुद्धा हीच गोष्ट सांगतील.

मी पुढच्या हंगामाच्या आधी सांगणार आहे. तू विश्वास ठेवू नको, मीही अजून ठेवलेला नाही.

श्यामलाल


आसगाव
११ जून १९८१

सौ. रुखमास आशीर्वाद.

सांगितलं.

काल सोसायटीची सभा होती. रशियाची मागणी या वर्षी दुप्पट आहे, ती वाचून दाखवायची होती. ती वाचली, लोक खूश झाले, आणि मी खाली बसलो नाही. म्हटलं, आणखी एक कागद आहे, दहा वर्षांपूर्वीचा. ट्रंकेत ठेवला होता. इंग्रजी वाचून मराठीत सांगितला. 

आधी कोणाला काही कळलं नाही. गोमाजी म्हणाले, "सेक्रेटरी, तुहं डोकं फिरलं का? आमेरिका अन् चीन भांडो नाही तं गळ्यात गळा घालो, त्याचं आपल्या किड्याले काय?"

मी म्हटलं, "किड्याले काहीच नाही, गोमाजी. किडा चांगला होता. कोसाही चांगला होता."

"मंग हलका काहून झाला?"

"झालाच नाही. मी घरी तोलला होता."

"तोलला होता? अन् दहा वर्षं तोंड काहून नाही उघडलं?"

"भेलो होतो."

मग सुखरामने विचारलं. सुखराम म्हणजे त्या वर्षी तलाव सोडायला सगळ्यात जास्त कुरकुर केली होती तो. म्हणाला, "आता रशिया घेऊन राहिला तो काहून? आपल्या नेमानं का त्याच्या भांडणानं?"

"त्याच्या भांडणानं."

"अन् उद्या त्याचं चीनशी जमलं तं?"

"तं आपला कोसा पुन्हा हलका होईन," मी म्हटलं. यावर कोणी हसलं नाही.

नंतर आरडाओरडा झाला तो सगळा तलावावरून. आम्हाला पत्र तेव्हाच वाचून दाखवलं असतं तर निम्मा कोसा कोष्ट्यांना तरी देता आला असता, रस्त्यावर खडी फोडायची पाळी आली नसती, असं ओरडत होते. त्यांचं खरं आहे. मला सेक्रेटरीपदावरून काढलं. हात वर करून काढलं, एकही हात खाली राहिला नाही. माझाही वर होता.

तुझं कोणी नाव घेतलं नाही, म्हणून मीच घेतलं. म्हटलं, रुखमाचा यात काय दोष होता ते सांगा. गोमाजी म्हणाले, "बाई आत आली होती हे तं खरं ना?" मी म्हटलं, खरं. "मंग झालं तं," म्हणाले आणि काठी घेऊन उठले. काही माणसं त्यांच्यामागे गेली, काही बसून राहिली. बसून राहिलेल्यांत सुखराम होता. जाताना मला म्हणाला, "वयनीले सांगजो, मी इचारलं मनून."

निम्म्या गावाने मानलं, निम्म्याने नाही. यापेक्षा जास्त मला जमलं नाही. तू काय ते कळव.

श्यामलाल


सिहोरा
३ जुलै १९८१

ती. बाबांना शकुनचा नमस्कार.

माय सांगते आहे, मी लिहिते आहे. मध्ये काही घालत नाही.

"तुमचं पत्र आयकलं. त्या मोठमोठ्या देशायचं दहा वर्षांत एकदा जमलं अन् एकदा वाकडं झालं. तुमाले एक वाक्य बोलाले तेवढेच दहा वर्षं लागले. पण बोलले, ते चांगलं केलं.

"मी येतो. पण घरी येत नाही. घरी आली तं लोक मनतील, नवऱ्यानं दया केली. किडे झाडावर असतील तवा येईन, जंगलात. तुमी दोरीजवळ उभे राहा. मले हाताले धरून आत न्या, सर्व्यायच्या समोर. कोनं नाही मनलं अन् तुमी पुन्हा गप बसले, तं मी तिथूनच वापस जाईन. मंग पत्र लिहू नका. पोरीले परीक्षा राहते, तिले वाचाले वेळ नाही."

परीक्षेचं तिने उगीच सांगितलं आहे. मला वेळ असतो.

शकुन


आसगाव, जंगलातून
१९ ऑक्टोबर १९८१

चि. शकुन हिस अनेक आशीर्वाद.

तुझी माय पोचली. चार दिवस झाले. पत्राला उशीर झाला, कारण इथून टपालपेटी दोन कोस आहे आणि झाडांना एकटं सोडता येत नाही, चिमण्या किडे उचलतात.

ती दुपारच्या गाडीने उतरली आणि सरळ इकडे चालत आली. पिशवीत एक लुगडं, तांदूळ आणि तू दिलेला आरसा. मी सकाळपासून दोरीजवळ उभा होतो. बाकीच्यांनाही कळलं होतं, कारण मीच सांगितलं होतं. दहा-बारा माणसं आपापल्या झाडाखाली उभी राहून पाहत होती. तुझी माय दोरीपाशी थांबली. दहा वर्षांनी पाहिलं मी तिला. केस कानावर पांढरे झाले आहेत. मी विचारलं, गाडीत जागा मिळाली का. म्हणाली, "तुमसरपासून उभी होतो."

लग्न झाल्यापासून चारचौघांत मी तिचा हात धरला नव्हता. धरला. गोमाजी पुढे आले. आता त्यांना नीट दिसत नाही, तरी आले. म्हणाले, "श्यामलाल, पाप लागन."

मी म्हटलं, "लागू द्या, गोमाजी. मागच्या बारीचं मायं होतं, ते हिनं भोगलं."

एवढं बोललो, बेटा. आवाज फाटला, पण बोललो. तुझी माय गोमाजींना म्हणाली, "बाबा, माया पायानं किडे मेले तं मले सांगजा. पण तोलून सांगजा." आणि आम्ही आत गेलो.

तीन घरांनी त्याच संध्याकाळी आपले किडे फांद्यांसकट उचलून नाल्यापलीकडच्या झाडांवर नेले. गोमाजी त्यांच्याबरोबर गेले. बाकीचे आहेत तिथेच आहेत. सुखरामचं झाड आमच्या शेजारी आहे. त्याने काल तुझ्या मायकडून मीठ मागून नेलं.

ती सगळे नेम पाळते. एकवेळ जेवते, मासोळीचं नाव काढत नाही, जमिनीवर झोपते. एक नेम तेवढा मोडला आहे, तो म्हणजे ती इथे आहे. चिमण्यांना खडे मारायला दिवसभर गुलेल घेऊन हिंडते. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मला आत्ता कळलं.

किडे बोटाएवढे झाले आहेत. कोसा बांधायला अजून बारा-पंधरा दिवस लागतील. तोवर सगळे आमच्या झाडांकडे पाहतात. सकाळी एक मेलेला किडा खाली पडला तर चार माणसं वाकून पाहायला आली. किडे दरवर्षी मरतात, शेकड्यात दहा-बारा जातातच, पण या वर्षी एकेक मोजला जातो आहे. तिकडे मुंबईची काय खबर आहे ते मला कळत नाही, कारण आता कागद माझ्याकडे येत नाहीत. रशियाने घेतला तर घेतला.

मला धीर नाही, तुला माहीत आहे. काल भात शिजत होता तेव्हा मी तिला विचारलं, यंदा खरंच पीक बुडालं तर काय करायचं? तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तं या बारी खरं सांगजा."

तुझा बाप,
श्यामलाल